जर्मन भाषेतील हँडेल : एका ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने ओरेटोरिओच्या संहितेचा इतिहास

प्रस्तावना

१९६४ मध्ये म्युनिक येथे कार्ल रिख्टर यांच्या संचालनाखाली गेओर्ग फ्रीडरिख हँडेल याच्या 'मसाया' या ओरेटोरिओचे संपूर्ण ध्वनिमुद्रण झाले. म्युनिकचे बाख वृंदगायन मंडळ आणि बाख ऑर्केस्ट्रा यांचा त्यात सहभाग होता. गुंडुला यानोविट्झ, मार्गा ह्योफगेन, एर्न्स्ट हेफ्लिगर आणि फ्रान्झ क्रास हे चार एकलगायक होते. डॉइच ग्रामोफोन या कंपनीने ते प्रकाशित केले. या ध्वनिमुद्रणात सर्व समूहगाने जर्मन भाषेत गायली गेली आहेत आणि कृतीचे नावही 'डेर मेसिआस' असे जर्मनच आहे. हँडेलने मात्र ही कृती इंग्रजी संहितेवर रचली होती. त्याच १९६४ या वर्षी ऑटो क्लेम्पेरर या दुसऱ्या जर्मन संचालकाने लंडनमध्ये 'मसाया'चे ध्वनिमुद्रण केले, ते इंग्रजीत. पुढे १९७२ मध्ये रिख्टर यांनी स्वतः लंडनला जाऊन लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा व जॉन ऑल्डिस यांचे गायकवृंद यांच्यासह हीच कृती पुन्हा ध्वनिमुद्रित केली. तेव्हा त्यांनीही इंग्रजी संहिता स्वीकारली.

या दोन ध्वनिमुद्रणांमध्ये अवघ्या आठ वर्षांचे अंतर आहे. संगीतसमीक्षेत या बदलाचा अर्थ सामान्यतः असा लावला जातो की, जर्मन आवृत्ती ही एक प्रादेशिक सोय होती आणि इंग्रजीकडे वळणे म्हणजे मूळ रूपाकडे परतणे होय. हा अर्थ अपुरा आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. १९६४ चे ध्वनिमुद्रण ही सुमारे एकशे नव्वद वर्षांच्या एका परंपरेच्या उत्तरकाळातील साक्ष आहे. या परंपरेत स्वर बहुतांशी तेच राहिले, पण शब्द वारंवार बदलले. ते कोणी, कशासाठी बदलले, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

मूळ संहिता म्हणजे कोणती?

हँडेलचा जन्म १६८५ मध्ये जर्मनीतील हाले या गावी झाला. १७१२ पासून तो लंडनमध्ये स्थायिक झाला. १७२७ मध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि १७५९ मध्ये मृत्यूनंतर त्याचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झाले. ब्रोकेस या कवीच्या संहितेवर त्याने रचलेले पॅशन-ओरेटोरिओ वगळल्यास जर्मन शब्दांवरील त्याची मोठी समूहगाने जवळपास नाहीतच. ज्यांच्यासाठी त्याची कीर्ती आहे ते 'सॉल', 'इजिप्तमधील इस्राएल', 'मसाया', 'ज्यूडास मॅकेबिअस' हे सर्व ओरेटोरिओ इंग्रजी आहेत. तेव्हा जर्मन आवृत्ती हे भाषांतर आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो 'मूळ' या शब्दाला किती वजन द्यावयाचे याविषयी.

'मसाया'ची रचना १७४१ च्या २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात झाली आणि पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे झाला. चार्ल्स जेनेन्स याने बायबलमधील वचने निवडून संहिता सिद्ध केली होती. तथापि या कृतीतील काही अतिशय लोकप्रिय समूहगानांचे स्वर त्या इंग्रजी शब्दांसाठी जन्मलेलेच नव्हते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात हँडेलने दोन आवाजांसाठी काही इटालियन युगुलगीते रचली होती. त्यांतील एक प्रेमावरील अविश्वासाचे गीत आहे. बालकाच्या जन्माची वार्ता देणारे 'मसाया'तील प्रसिद्ध समूहगान याच युगुलगीतावरून घडविले आहे. इटालियन गीताचा पहिला शब्द ठाम नकाराचा आहे आणि त्यावर आघात येणे स्वाभाविक आहे. इंग्रजी संहितेत त्याच जागी केवळ एक उभयान्वयी अव्यय येऊन बसले. त्यामुळे वाक्यातील सर्वांत कमी महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो आणि इंग्रजी भाषेचे अभ्यासक त्याबद्दल आजही नाक मुरडतात. चालीवर पद बांधण्याची पद्धत मराठी वाचकाला अपरिचित नाही. हँडेलने येथे स्वतःच्याच चालीवर दुसऱ्या भाषेतील शब्द बसविले.

याचा अर्थ इंग्रजी व जर्मन संहिता समान दर्जाच्या आहेत असा नाही. इंग्रजी संहितेला रचनाकाराची मान्यता आहे, जर्मन संहितेला ती नाही. परंतु स्वर आणि शब्द यांचे नाते अभेद्य असल्याचा जो दावा इंग्रजीच्या बाजूने केला जातो, तो निदान या समूहगानांपुरता टिकत नाही.

ल्यूथरच्या भाषेत परतणे

जर्मन भूमीवर 'मसाया' प्रथम पोहोचला तो हाम्बुर्ग या बंदराच्या शहरात. मायकेल आर्न या इंग्रज संगीतकाराने १७७२ मध्ये तेथे प्रयोग केला. १७७५ मध्ये त्याच शहरात कार्ल फिलिप एमानुएल बाख याने तो जर्मन भाषेत सादर केला. भाषांतर कवी क्लोपश्टोक व एबेलिंग यांचे होते. पुढे वायमार येथे हेर्डर यानेही स्वतंत्र भाषांतर केले. लोकगीतांत लोकाचा आत्मा शोधणाऱ्या या विचारवंताला हँडेलच्या समूहगानांचे आकर्षण वाटावे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या भाषांतरांचे एक वैशिष्ट्य सहज नजरेतून निसटते. जेनेन्सने निवडलेली वचने मुख्यत्वे १६११ च्या इंग्रजी बायबलमधील होती. ती जर्मनमध्ये आणताना भाषांतरकारासमोर कोरा कागद नव्हता. मार्टिन ल्यूथरचे नव्या कराराचे भाषांतर १५२२ मध्ये व संपूर्ण बायबल १५३४ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि प्रोटेस्टंट घरांतून त्यातील वचने पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होती. त्यामुळे स्वरांच्या मापात बसतील तेथे ल्यूथरचेच शब्द योजले गेले. जर्मन श्रोत्याच्या दृष्टीने हे परभाषेतील कृतीचे रूपांतर कमी आणि ओळखीच्या वचनांना नवे स्वर लाभणे अधिक होते.

स्वरांच्या मापाचा प्रश्न मात्र खराच होता. वर उल्लेखिलेल्या समूहगानात दीर्घ स्वरमालिका 'बॉर्न' या एकाक्षरी इंग्रजी शब्दावर येते. जर्मनमध्ये त्या जागी 'गेबोरेन' हा तीन अक्षरी शब्द येतो. स्वरमालिका मधल्या 'बो'वर घ्यावी लागते आणि शेवटी एक निराघात अक्षर उरते. त्यासाठी कोठे स्वर दुभंगावा लागतो, कोठे जादा घालावा लागतो. रिख्टर यांच्या ध्वनिमुद्रणात हा फरक ऐकू येतो. इंग्रजी गायनात ओळ स्वरावर तरंगत संपते, तर जर्मन गायनात ती व्यंजनाने मिटते. जलद समूहगानांत शब्दारंभीची व शब्दान्तीची व्यंजने जवळजवळ तालवाद्याचे काम करतात. या ध्वनिमुद्रणाची जी करारी, ठसठशीत चाल वर्णिली जाते तिचे श्रेय सर्वस्वी संचालकाला देण्याची प्रथा आहे. त्यातील काही वाटा भाषेचा आहे.

१७८६ मध्ये योहान आडाम हिलर याने बर्लिनच्या कॅथेड्रलमध्ये सुमारे ३०० गायक-वादकांसह 'मसाया' सादर केला. १७८९ मध्ये व्हिएन्ना येथे बॅरन फान स्वीटेन याच्या सांगण्यावरून मोत्सार्टने या कृतीची जर्मन संहितेसाठी नवी वाद्यरचना केली, क्लॅरिनेटसारखी वाद्ये वाढविली आणि काही भाग नव्याने मांडले. ही आवृत्ती १८०३ मध्ये छापली गेली.

नागरिकांचे गायकवृंद

जर्मन हँडेलचा खरा आधार दरबार किंवा चर्च नव्हता, तो नागरिकांची हौशी गायन मंडळे हा होता. कार्ल फाश याने १७९१ मध्ये बर्लिनमध्ये स्थापिलेली 'झिंगअकाडेमी' हे त्यांतील आद्य उदाहरण होय. १८०० पासून तिची धुरा त्सेल्टर याच्याकडे आली. व्यापारी, अधिकारी, शिक्षक, त्यांच्या पत्नी व मुली एकत्र येऊन गात. अशा प्रकारे स्त्रीपुरुषांनी सार्वजनिक कार्यात बरोबरीने सहभागी होण्याच्या जागा त्या काळात फार थोड्या होत्या. बर्लिनमधील सुशिक्षित ज्यू कुटुंबांनाही येथे प्रवेश होता. सारा लेव्ही तेथे सहभागी असे आणि १८२० मध्ये फानी व फेलिक्स मेंडेल्सझोन ही भावंडे तेथे दाखल झाली. १८३३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथील लोअर ऱ्हाइन संगीत महोत्सवात फेलिक्सने 'इजिप्तमधील इस्राएल' सादर केले.

या मंडळांना एकलगायकांच्या तान-पलट्यांपेक्षा समूहगाने जवळची वाटत, कारण ती त्यांना स्वतः गाता येत. राजकीय सभांवर निर्बंध असलेल्या काळात दोनशे नागरिकांनी एकत्र उभे राहून एका मुक्त होणाऱ्या जनसमूहाच्या तोंडचे शब्द स्वतःच्या भाषेत उच्चारणे, ही घटना केवळ संगीताची नव्हती. संहिता परभाषेत असती तर तिचा हा अर्थ लागला असता का, याची शंका आहे.

याच संदर्भात गेओर्ग गोटफ्रीड गेर्विनुस याचे नाव येते. हा व्यवसायाने इतिहासकार. १८३७ मध्ये हानोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा निषेध नोंदविणाऱ्या ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांपैकी तो एक. त्याला पदच्युत करून हद्दपार करण्यात आले. पुढे हाच गेर्विनुस हँडेलच्या ओरेटोरिओंचा प्रमुख जर्मन भाषांतरकार झाला. १८५६ मध्ये फ्रीडरिख क्रिझांडर याच्या समवेत तो हँडेल-गेझेलशाफ्टच्या स्थापनेत सहभागी होता. १८५८ ते १९०२ या काळात या संस्थेने हँडेलच्या समग्र कृती प्रसिद्ध केल्या आणि ओरेटोरिओंमध्ये इंग्रजी संहितेच्या जोडीला जर्मन संहिताही छापली. विशेष म्हणजे या प्रकल्पाला अनुदान मिळाले ते हानोव्हरचा राजा पाचवा गेओर्ग याच्याकडून, म्हणजे गेर्विनुसला हाकलणाऱ्या राजाच्या पुत्राकडून. १८६६ मध्ये प्रशियाने हानोव्हर गिळंकृत केल्यावर हा आधार डळमळला. क्रिझांडरने हाम्बुर्गजवळील बेर्गेडॉर्फ येथे स्वतःच्या घरी छपाईची व्यवस्था केली आणि फळबाग व भाजीपाल्याच्या उत्पन्नातून खर्च भागविला. १९०१ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा 'मसाया'चा खंड पूर्ण व्हावयाचा होता. तो १९०२ मध्ये माक्स झाइफर्ट याने पूर्ण केला.

शब्द पुसले जातात

येथपर्यंतचा इतिहास हा सामावून घेण्याचा आहे. १९३३ नंतर त्याला वेगळे वळण लागले.

राष्ट्रीय समाजवादी राजवटीसमोर हँडेलविषयी अडचण दुहेरी होती. तो जर्मन जन्माचा महान संगीतकार म्हणून हवा होता, पण त्याने इंग्लंडला आपलेसे केले होते. शिवाय त्याच्या बहुसंख्य ओरेटोरिओंचे नायक जुन्या करारातील ज्यू होते. १९३५ मध्ये त्याच्या २५० व्या जयंतीनिमित्त हाले येथे मोठा सोहळा झाला आणि त्यात राजवटीचा विचारप्रमुख आल्फ्रेड रोझेनबर्ग याचे भाषण झाले. संगीत आपले म्हणावयाचे तर शब्दांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरलाच. पक्षातही त्यावर एकमत नव्हते. अखेर अनेकांनी धरलेला मार्ग असा की, स्वर ठेवावेत आणि शब्द बदलावेत. योहानेस क्ल्योकिंग याने 'ज्यूडास मॅकेबिअस'चे 'विल्हेल्म फॉन नासाउएन' केले, म्हणजे ज्यू मुक्तिवीराच्या जागी नेदरलंड्सचा राजपुत्र आला. 'इजिप्तमधील इस्राएल'चे रूपांतर मंगोल आक्रमणाच्या कथेत झाले. इस्राएल, झायन ही नावे एकेक करून संहितेतून नाहीशी झाली. पामेला पॉटर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या घडामोडींचा वायमार प्रजासत्ताकापासून पूर्व जर्मनीपर्यंतचा धागा उलगडून दाखविला आहे.

त्याच काळात, त्याच भाषेत, दुसरीकडेही हँडेल गायला जात होता. सरकारी नाट्यगृहांतून व ऑर्केस्ट्रांतून काढून टाकलेल्या ज्यू कलावंतांनी १९३३ मध्ये 'कुल्टुरबुंड' ही संघटना उभारली. तिचे कार्यक्रम सरकारी देखरेखीखाली आणि केवळ ज्यू श्रोत्यांपुरते होत. त्यांत हँडेलचे जुन्या करारावरील ओरेटोरिओ सादर झाले, जर्मन भाषेत आणि इस्राएल हे नाव न पुसता. १९४१ मध्ये ही संघटना बंद करण्यात आली. ज्या नागरी गायनपरंपरेत लेव्ही आणि मेंडेल्सझोन कुटुंबे शंभर वर्षांपूर्वी खांद्याला खांदा लावून उभी होती, तिचे १९३० च्या दशकात असे दोन तुकडे झाले. एकाकडे सभागृहे होती आणि बदललेले शब्द होते. दुसऱ्याकडे शब्द शाबूत होते, पण सभागृह उसने होते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. हँडेलनेच जर इटालियन प्रेमगीताचे धार्मिक समूहगान केले, तर क्ल्योकिंगने वेगळे काय केले, असे कोणी विचारील. शिवाय 'ज्यूडास मॅकेबिअस' हा १७४७ मध्ये प्रथम सादर झालेला ओरेटोरिओ मुळातच राजकीय होता. कलोडनच्या लढाईत स्कॉटिश बंडखोरांचा पाडाव करणाऱ्या ड्यूक ऑफ कंबरलंडचा तो गौरव होता. हा आक्षेप पोकळ नाही. मात्र प्रत्येक शब्दबदलाबाबत एक साधी कसोटी लावता येते : नव्या शब्दांनी कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर काढले? हँडेलच्या बदलाने कोणीही बेदखल झाले नाही. एबेलिंग वा गेर्विनुस यांच्या भाषांतराने इंग्रजी न जाणणाऱ्या हजारो गायकांना आत घेतले. १९४० च्या सुमाराचे पुनर्लेखन मात्र एका समाजाचे नाव कथेतून खोडण्यासाठीच झाले आणि त्याच वेळी तो समाज रस्त्यांवरून, घरांतून नाहीसा केला जात होता. या दोन्ही क्रियांना 'संहितेतील बदल' या एकाच सदरात टाकणे ही अभ्यासकाची चूक ठरेल.

'ज्यूडास मॅकेबिअस'शी निगडित झालेल्या एका विजयगीताचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. मुळात ते १७४८ च्या 'जोशुआ'मधील. हँडेलनेच नंतर ते 'ज्यूडास'मध्ये घातले. बेथोव्हनने १७९६ मध्ये त्यावर चेलो व पियानोसाठी स्वरविस्तार रचले. एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिख हाइनरिख रांके याने त्या स्वरांवर झायनकन्येला उद्देशून नाताळपूर्व काळाचे जर्मन स्तोत्र लिहिले आणि ते घरोघरी पोहोचले. १९३० च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये लेव्हिन किप्निस याने त्याच स्वरांना हिब्रू शब्द दिले आणि ते मॅकेबी वीरांच्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या हनुक्का सणाचे बालगीत झाले.

१९४५ नंतरची ध्वनिमुद्रणे

या पार्श्वभूमीवर १९६० च्या दशकातील जर्मन ध्वनिमुद्रणे ऐकली असता ती केवळ सोय वाटत नाहीत. रिख्टर यांचा जन्म १९२६ मध्ये साक्सनीतील प्लाउएन येथे ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ड्रेस्डेनच्या क्रॉयत्सकोरमध्ये ते वाढले, लाइपझिग येथे कार्ल श्ट्राउबे व ग्युंटर रामिन यांच्याकडे शिकले आणि १९५१ मध्ये पश्चिमेकडे म्युनिकला आले. तेथे त्यांनी घडविलेल्या बाख मंडळातील गायक बहुतांशी हौशी होते. कॅथलिक बव्हेरियात साक्सनीच्या प्रोटेस्टंट परंपरेचे हे रोप लागले, हेही एक प्रकारचे स्थलांतरच. १९६४ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात दिवसभर आपापले व्यवसाय करणाऱ्या नागरिकांचे सामुदायिक आवाज ऐकू येतात. त्यांच्या उच्चारांत ल्यूथरच्या वचनांची घरगुती सवय आहे. व्यावसायिक गायकवृंदाकडून परभाषेत ती मिळणे कठीण.

१९६६ मध्ये पूर्व बर्लिनच्या नभोवाणीवर हेल्मुट कोख यांनी 'ज्यूडास मॅकेबिअस'चे जर्मन ध्वनिमुद्रण केले. भिंत उभी राहून पाच वर्षे झाली होती. तरीही यानोविट्झ व हेफ्लिगर यांच्यासह पूर्व जर्मनीचे पेटर श्रायर व थेओ आडाम त्यात एकत्र गायले. पूर्व जर्मन राजवटीने हँडेलला लोकमुक्तीचा गायक ठरविले होते आणि १९५५ मध्ये हाले येथे त्याच्या नावाची संस्था स्थापून नव्या समग्र आवृत्तीचे काम हाती घेतले होते. हाही सत्तेने केलेला वापरच होता, हे मान्य केले पाहिजे. पण या ध्वनिमुद्रणात मॅकेबिअस पुन्हा मॅकेबिअस झाला. पंचवीस वर्षांपूर्वी खोडलेले नाव जर्मन भाषेतच परत लिहिले गेले. ते इंग्रजीत गायले गेले असते तर त्यातून हे प्रायश्चित्त घडले नसते.

१९७० नंतर चित्र पालटले. ध्वनिमुद्रिकांची बाजारपेठ आंतरराष्ट्रीय झाली आणि तिच्यात एकच संहिता खपविणे कंपन्यांना सोयीचे होते. कालानुरूप वाद्ये व मूळ हस्तलिखिते यांचा आग्रह धरणारी चळवळही याच सुमारास बलवान झाली. व्यापार आणि विद्वत्ता यांचे असे एकमत क्वचितच होते. त्यानंतर 'मसाया'ची जर्मन ध्वनिमुद्रणे प्रामुख्याने मोत्सार्टच्या आवृत्तीची म्हणून होऊ लागली, उदाहरणार्थ १९७४ मधील चार्ल्स मॅकेरास यांचे. जर्मन शब्दांना आता हँडेलच्या नव्हे, तर मोत्सार्टच्या नावाचा परवाना लागू लागला.

गायन मंडळांच्या हाती पडणारी स्वरलिपीची पुस्तके मात्र या निवाड्याला पूर्णपणे बांधील राहिली नाहीत. हालेच्या समग्र आवृत्तीतील जॉन टोबिन यांनी संपादित केलेला 'मसाया' १९६५ मध्ये बेरेनराइटर या प्रकाशनसंस्थेने काढला. त्यावर आधारित गायकांच्या प्रतीत प्रत्येक स्वरपंक्तीखाली शब्दांच्या दोन ओळी आहेत, एक इंग्रजी आणि एक जर्मन. कोणती ओळ गावयाची हे सरावाच्या पहिल्या दिवशी मंडळाने ठरवावयाचे असते.